पट्ट्या काढणारे मल्लण्णा

मल्लण्णांनी बघून नाक मुरडलं नाही अशी गाडी बंगलोरमध्ये नसावी. गाडी कितीही धुतलेली असो, ते हात पाठीमागे बांधून तिच्याभोवती एक फेरी मारायचे. खिडकीच्या काचेखाली बाहेरून जी चंदेरी पट्टी असते, तिच्या कडेतून अंगठ्याचं नख फिरवायचे. नखात आलेलं उन्हात धरून बघायचे, आणि मग चेहरा असा करायचे की गाडीच्या मालकाला आपण सकाळी अंघोळ केली होती की नाही याचीच शंका यावी. "छी छी छी," ते म्हणायचे, "सगळं गलीजु." गलीजु म्हणजे कानडीत घाण. हा शब्द त्यांच्या तोंडी सतत असे. गाड्यांना, माणसांना, कॅन्टीनच्या सांबाराला, बसच्या दांडीला आणि एकदा माझ्या डब्यातल्या मेथीच्या भाजीलाही त्यांनी तो लावला होता.

मी तेव्हा बंगलोरच्या पीण्या भागातल्या औद्योगिक वसाहतीत एका लहानशा प्लेटिंगच्या कारखान्यात माल तपासायला होते. नव्वदच्या दशकातली मधली वर्षं. नवऱ्याला संगणकाच्या कंपनीत नोकरी लागली म्हणून पुणं सोडून आले होते, हातात रसायनशास्त्राची पदवी होती आणि घरी बसून भिंतींशी बोलायची वेळ आली होती. कारखान्यात स्कूटरचे आरसे, नळाच्या तोट्या, सायकलींची हॅण्डलं येत. ती घासूनपुसून क्रोमच्या टाकीत बुडवायची आणि चकचकीत करून परत पाठवायची. टाकी मल्लण्णांच्या ताब्यात होती. अठरा वर्षं ते त्या काळ्या-तांबड्या पाण्यावर वाकून उभे होते.

पहिल्या दिवशी मी त्यांच्याशी हिंदीत बोलायला गेले. त्यांनी माझं वाक्य पुरं होऊ दिलं आणि विचारलं, "तुम्ही मराठी ना? मग हिंदी कशाला? आम्ही पण मराठीच की."

नाव मल्लोजीराव. पूर्वज तीनशे वर्षांपूर्वी कुठल्याशा फौजेबरोबर दक्षिणेत उतरले आणि इथलेच होऊन गेले. कारखान्यातली कानडी माणसं त्यांना मल्लण्णा म्हणत, म्हणून मीही म्हणू लागले. त्यांचं मराठी ऐकून मला पहिल्यांदा हसू आलं आणि ते लपवता आलं नाही.

"हसा, हसा," ते म्हणाले. "आम्ही तीनशे वर्षं झाली, पुण्याचं तोंड न बघता मराठी बोलतो. तुम्ही येऊन स्वल्प दिवस नाही झाले, हिंदी बोलायला लागलात."

तेव्हापासून मला ते आवडायला लागले, कारण मीही नाकाने कांदे सोलणाऱ्यांपैकीच आहे. पुण्याहून आलेली असल्यामुळे मला तर बंगलोरच्या पाण्यापासून रिक्षाच्या सीटपर्यंत सगळ्याचाच उबग आलेला होता. घाणीला मनापासून घाण म्हणणारं दुसरं माणूस भेटल्याचा केवढा तरी दिलासा वाटला.

त्यांचं सगळं वेगळं असायचं. चहाचा स्टीलचा पेला घरून आणलेला, तोही ओठांना न लावता वरून ओतून प्यायचा. चहाआधी कोपरापर्यंत हात तीनदा धुवायचे. खिशात घडी केलेला रुमाल, तो तासातासाला नाकाशी धरायचा. मी एकदा माझ्या नवऱ्याला कौतुकानं सांगितलं की कामगार माणूस असून काय टापटीप, वास म्हणून सहन होत नाही त्यांना! हे वाक्य आठवलं की आज मला स्वतःची शिसारी येते.

रविवारी ते पट्ट्या काढत. श्रीरामपूरम्‌ला त्यांचं दोन खोल्यांचं घर होतं, पुढे करंजाचं झाड आणि झाडाखाली एक गाडी जेमतेम मावेल एवढी जागा. जुन्या गाड्यांच्या खिडक्यांच्या ॲल्युमिनियमच्या पट्ट्या उन्हापावसानं आधी निस्तेज होतात, मग पांढुरक्या, मग देवी आल्यासारखे त्यांच्यावर खड्डे पडतात. जे. सी. रोडवरचे मेकॅनिक त्यांच्यावर जागच्या जागी चंदेरी रंग मारून द्यायचे आणि रबराला बुटाचं काळं पॉलिश फासायचे. मल्लण्णांना त्या मेकॅनिकांची इतकी किळस होती की त्या रस्त्यानं जाणारी बसही ते टाळत.

"जागेवर पॉलिश म्हणजे काय?" ते विचारत आणि उत्तरही स्वतःच देत. "अंघोळीच्या ऐवजी पावडर."

त्यांच्याकडे गाडी दिली की पट्टी निघणारच. स्क्रू-ड्रायव्हर ते पट्टीजवळ येऊ देत नसत, कारण लोखंडानं रंग उडतो आणि पट्टीला बाक येतो. बांबूची कामटी तासून तासून जिभेसारखी पातळ केलेली असे. ती आत सरकवायची, थोडं उचलायचं, दोन बोटं पुढे जायचं, परत उचलायचं. एक दरवाजा म्हणजे अर्धा तास. निघालेल्या पट्ट्या जुन्या चादरीवर ओळीनं, पाठीवर खडूनं खूण करून. मग कॉस्टिक सोड्याचं पाणी, मग साबणाच्या पाण्यात भिजवलेला वॉटर पेपर, आधी खरखरीत, मग मऊ, मग त्याहून मऊ, आणि हात एकाच दिशेनं. उलटा हात फिरवणाऱ्याला ते अंगणाबाहेर काढत. शेवटी रबराला एरंडेल. काम झाल्यावर ती पट्टी अशी दिसे की बाकीची गाडी तिच्यापुढे ओशाळवाणी वाटावी.

पण लोक त्यांना ओळखत ते पुडीसाठी. पट्टी काढली की तिच्याखाली वीस-वीस वर्षांचं काय काय साठलेलं असतं याची कल्पना गाडीवाल्यांना नसते. मल्लण्णा ते सगळं टूथब्रशनं कोरून वर्तमानपत्रावर काढत, वाळवत, पुडी बांधत आणि गाडी न्यायला आलेल्याच्या हातात देत. एकदा माझ्यासमोर एका वकीलसाहेबांना दिली. पांढरी पँट, पांढरे बूट. त्यांना वाटलं प्रसाद आहे. त्यांनी पुडी कपाळाला लावली आणि उघडली. आत केसांची गुंतवळ, मेलेल्या मुंग्या, बिस्किटाचा चुरा, मोगऱ्याच्या काळ्या पडलेल्या पाकळ्या, एक हेअरपिन आणि कुणाचा तरी कापलेला नखाचा तुकडा.

"हे काय आहे?" वकीलसाहेब ओरडले.

"तुमचं," मल्लण्णा म्हणाले. "तुमच्या घरचं. माझ्या अंगणात कशाला ठेवू?"

"तुम्ही फेकून द्यायचं!"

"बेडा," मल्लण्णा म्हणाले. नको, असं. "मी फेकलं तर तुम्हाला कळणार कसं? परत दहा वर्षं असंच गलीजुत फिराल."

वकीलसाहेब गाडी घेऊन निघाले ते कोपऱ्यावर गेल्यावर खिडकीतून पुडी बाहेर पडली. मल्लण्णा चालत गेले, पुडी उचलली आणि परत येऊन मला म्हणाले, "बघितलंत? शिकलेली माणसं." मी पोट धरून हसत होते. ते हसत नव्हते.

या सगळ्याच्या भरात मी आमची ॲम्बॅसिडर त्यांच्याकडे नेली. नवऱ्यानं ती एका निवृत्त अधिकाऱ्याकडून घेतली होती, क्रीम रंगाची, आणि मी ती दर रविवारी स्वतः धूत असे. मनात होतं की आपल्या गाडीतून पुडी काही निघणार नाही. निघाली तरी चिमूटभर.

मल्लण्णांनी फेरी मारली. मागच्या डाव्या दरवाज्यापाशी थांबले. तिथल्या पट्टीवर बाहेरच्या बाजूला वीतभर जागेत पांढरे खड्डे दाटीनं पडले होते, बाकी कुठेच नव्हते.

"इथे कोण बसतं?"

"सासरे. हिवाळ्यात येतात दोन-तीन महिने."

"पान खातात."

मी मान डोलावली.

"चुना लावतात आणि बोट बाहेर काढून इथे पुसतात. खिडकीच्या बाहेर पुसलं म्हणजे गाडी खराब होत नाही, असं त्यांना वाटतं." त्यांनी खड्ड्यांवर नख घासलं. "चुना ॲल्युमिनियम खातो, अक्का. हे खड्डे तुमच्या सासऱ्यांच्या बोटाचे आहेत."

कारखान्यात मी त्यांची मॅडम होते, अंगणात अक्का. सासऱ्यांच्या स्वच्छतेची ख्याती आमच्या सगळ्या नात्यात होती. गाडीत बसण्याआधी ते सीटवर पंचा अंथरत. मला इतकी लाज वाटली की मी झाडाखालच्या दगडावर जाऊन बसले. घरातून पद्मक्का, म्हणजे मल्लण्णांची बायको, कॉफी घेऊन आल्या. दारापासून दगडापर्यंत सात-आठ पावलं, तेवढ्यात त्यांना धाप लागली. त्यांच्या हृदयाची झडप बिघडली होती. दर तीन आठवड्यांनी इंजेक्शन लागे, आणि ऑपरेशनसाठी कामगारांच्या विम्याच्या दवाखान्यात नाव लागलेलं होतं. हे सगळं मल्लण्णांच्या नोकरीच्या कार्डावर. नोकरी आहे तोवर कार्ड आहे.

पट्ट्या निघाल्या. त्यांच्याखाली दरवाज्याच्या कडेला जुनं रबर वितळून डांबरासारखं चिकटलेलं होतं. ते काढायला मल्लण्णा घासलेट वापरत. त्यांनी भिंतीला टेकवलेल्या दोन बाटल्यांपैकी एक उचलली, फडक्यावर ओतली आणि पुसायला लागले.

वास माझ्यापर्यंत पोचला. डोळ्यांना झोंबणारा, डोक्यात जाणारा वास. पद्मक्कांनी तर पदर नाकाला लावला. मल्लण्णांनी आमच्याकडे बघितलं, आपलंही नाक मुरडलं आणि म्हणाले, "घासलेटाचा वास बघा कसा आहे. छी छी."

तो घासलेटाचा वास नव्हता. कुत्र्यालाही कळलं असतं की ते थिनर आहे. त्यांच्या फडक्यावर आमच्या गाडीचा क्रीम रंग उतरत होता आणि ते पुसतच होते, एकाच दिशेनं, नेहमीच्या नेटकेपणानं. खाली लाल अस्तर दिसायला लागलं.

"मल्लण्णा! थिनर आहे ते!"

ते थांबले. फडकं नाकाशी नेलं, जोरात श्वास घेतला. माझ्या डोळ्यांतून सहा पावलांवर पाणी येत होतं आणि तो माणूस फडक्यात नाक खुपसून काही कळतंय का ते शोधत होता. मग त्यांनी फडकं चादरीवर ठेवलं.

"त्यांना वास येत नाही," पद्मक्का पदराआडून म्हणाल्या. "तीन वर्षं झाली. सांगू नका करून शपथ घातलीये."

"आत जा तू," मल्लण्णा ओरडले. पद्मक्का गेल्या नाहीत.

मी विचारलं, मग नाक का मुरडता? दिवसभर हे छी छी काय असतं? ते डाव्या दरवाज्याकडे बघत म्हणाले, "दुसऱ्यांची तोंडं बघतो. तशी माझी करतो. नाही केली तर कळेल ना."

मग त्यांनी जे केलं ते त्यांनी करायला नको होतं, किंवा मी बघायला नको होतं. ते उन्हात आले, मान मागे टाकली आणि अंगठ्यानं नाकाचा शेंडा वर ढकलला. नाकाच्या मधे जो पडदा असतो तिथे भोक होतं. एका नाकपुडीतून आरपार दुसरी दिसत होती. कडांना काळपट खपली, थोडं ओलं, रक्ताचं. "क्रोमची वाफ," ते वरच बघत म्हणाले. "आधी रक्त येतं. मग खपली. मग एक दिवस शिंकरलं की पडदाच येतो. बघा काठ. पंच मारल्यासारखा साफ."

मी मागे सरकले. विचार करून नव्हे, पाय आपोआप गेले. आणि त्यांनी मान खाली केली तेव्हा मी दोन पावलं मागे गेलेली त्यांना दिसले. खिशातला रुमाल काढून त्यांनी नाकाशी धरला. तो रुमाल मी इतके दिवस टापटिपीचा समजत होते. त्यावर गंजासारखे डाग होते.

"मालकांना सांगू नका, अक्का," ते म्हणाले. "नाक गेलेल्या माणसाला ते घरी पाठवतात. ऑपरेशन होईपर्यंत तरी नको."

ते मला का सांगत होते हे माझ्या लगेच लक्षात आलं नाही. घरी जाताना, अर्धी सोलवटलेली गाडी चालवताना लक्षात आलं आणि मी गाडी रस्त्याच्या कडेला घेतली. टाकीवरच्या कामगारांचे हात आणि नाकं दर पंधरा दिवसांनी तपासून एका रजिस्टरात लिहायची असत. माझं अक्षर चांगलं म्हणून मालकांनी ते रजिस्टर मी आल्या-आल्याच माझ्याकडे दिलं होतं. "फक्त भरायचं," असं म्हणाले होते. मी भरत होते. नावापुढे 'हात: ठीक. नाक: ठीक.' आणि खाली नुसत्या खुणा, तेच, तेच, तेच. दोन वर्षं. एकदाही टाकीपाशी जाऊन कुणाच्या तोंडाकडे मान वर करून बघितलं नव्हतं. डोळ्यांवर कातडं ओढून घेणं म्हणतात ते हेच. आणि हेच डोळे दिवसभर नळाच्या तोटीवरचा टाचणीएवढा डाग शोधून तोटी परत पाठवत होते.

सोमवारी मी मालकांच्या केबिनमध्ये गेले. टाकीवर वाफ ओढून घेणारा पंखा होता, त्याची मोटार मी येण्याच्याही आधी जळली होती. दर आयुधपूजेला त्या जळक्या मोटारीला हळदकुंकू लावून झेंडूचा हार घालत. पंखा दुरुस्त करा, असं मी म्हटलं, त्या वाफेनं माणसांची नाकं जातात.

मालकांनी पेन खाली ठेवलं. ते कधी आवाज चढवत नसत. अंगाला मंद अत्तराचा वास, टेबलाची काच आरशासारखी.

"कुणाचं गेलं?"

मी पंख्याचंच पुन्हा सांगितलं.

"नाव सांगा ना. मी त्याला आजच घरी पाठवतो. आजारी माणसाला टाकीवर उभं करायचं म्हणजे पाप आहे. मागच्या वर्षी दोघांना पाठवलं. रिकाम्या हातानं नाही हं, मिठाईचा डबा दिला."

"पण पंखा?"

"पंख्याचं बघू. तुम्ही नाव सांगा."

त्यांच्या चेहऱ्यावर खरोखरची काळजी होती. त्या क्षणी मला त्या माणसाची जेवढी किळस आली तेवढी मल्लण्णांच्या कुठल्याही पुडीतल्या घाणीची आली नसेल. पण मी मिठाची गुळणी धरून बाहेर आले. नाव सांगितलं तर पद्मक्कांचं कार्ड जाणार, नाही सांगितलं तर मल्लण्णा त्या वाफेत उभे राहणार. टाकीपलीकडून ते माझ्याकडे बघत होते. मी मान हलवली, नाही सांगितलं म्हणून. ते परत कामाला लागले.

पावसाळ्यानंतर पाहणीला सरकारी अधिकारी येणार असा निरोप आला. दोन दिवस आधी. निरोप नेहमी आधीच येत असे, कसा ते कुणी विचारत नसे. आदल्या संध्याकाळी शेजारच्या कारखान्यातून एक पंखा उसना आणून टाकीवर बसवला, फरशी धुतली, माणसांना नवे हातमोजे वाटले. आणि मल्लण्णांना मालकांनी सांगितलं की उद्या इकडे येऊ नका, माझ्या घरी जा, वडिलांची जुनी गाडी आहे, तिच्या खिडक्यांच्या पट्ट्या फार खराब झाल्यात. म्हणजे मल्लण्णांच्या नाकाचं मालकांना ठाऊक होतं. सगळ्या कारखान्याला ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं ते फक्त नाक तपासणाऱ्या मला.

अधिकारी सभ्य होता, तरुण होता, थोडा घाईत होता. उसना पंखा घरघरत होता. त्यानं रजिस्टर उघडलं आणि पानं चाळली.

"अक्षर फार सुंदर आहे," तो म्हणाला. मालकांनी अभिमानानं माझ्याकडे बघितलं.

मग त्यानं एका नावावर बोट ठेवलं. "हा अठरा वर्षं टाकीवर आहे. कुठे आहे?"

"आज सुट्टीवर," मालक म्हणाले.

अधिकाऱ्यानं मालकांकडे बघितलंच नाही. त्यानं मला विचारलं, "तुम्ही तपासता ना? कसा आहे तो?"

असा प्रश्न सरळ तोंडावर विचारणारं माणूस आयुष्यात क्वचित भेटतं. मी खरं बोलले असते तर कदाचित पंखा बसला असता. कदाचित नसता बसला आणि मल्लण्णा मिठाईचा डबा घेऊन घरी गेले असते. मी पद्मक्कांचा विचार केला, हे मी नंतर नवऱ्याला सांगितलं, आईला सांगितलं, स्वतःलाही पुष्कळदा सांगितलं. तो केलाही होता. पण त्याच्या आधी दुसरा विचार आला होता. दोन वर्षांच्या त्या खुणांखाली सह्या माझ्या होत्या.

"ठीक आहे," मी म्हणाले.

त्यानं एक क्षण माझ्याकडे बघितलं, रजिस्टर मिटलं आणि चहा घेतला.

दुपारी मालकांच्या सहीसाठी कागद घेऊन मला त्यांच्या मल्लेश्वरमच्या घरी जावं लागलं, कारण पाहणी आटोपल्यावर ते जेवायला निघून गेले होते. फाटकातून आत गेले तर पोर्चमध्ये ती लांबलचक जुनी गाडी आणि तिच्यापाशी मल्लण्णा. इस्त्रीचा शर्ट घालून आले होते. मालकांच्या घरी जायचं म्हणून असेल. पायरीवर बसले नव्हते, उभ्यानंच काम करत होते. पट्ट्या फरशीवर मांडलेल्या होत्या आणि त्यांच्या पलीकडे वर्तमानपत्रावर केरकचरा काढून ठेवलेला होता. मी येताना घरातून मालकीणबाई बाहेर आल्या, त्या वर्तमानपत्रावर नजर टाकून म्हणाल्या, "हे काय गलिच्छ काढून ठेवलंय? टाकून दे बाहेर." मल्लण्णा "सरी अम्मा" म्हणाले, कागद गुंडाळला, फाटकाबाहेरच्या कचऱ्यात टाकून आले आणि परत उभे राहिले.

बाई माझ्याकडचे सहीचे कागद घेऊन आत गेल्या. मल्लण्णांनी मला जवळ बोलावलं.

"झालं?"

"झालं."

"माझं विचारलं?"

"विचारलं. मी ठीक सांगितलं."

त्यांचे खांदे खाली आले. हातातलं फडकं त्यांनी बोनेटवर ठेवलं, हात शर्टाला पुसले आणि माझ्यापुढे वाकले. पन्नाशी उलटलेला माणूस, सरळ पायांपर्यंत वाकला. मी घाईघाईनं मागे झाले तरी त्यांची बोटं माझ्या चपलेला लागलीच.

"देवासारख्या आहात, अक्का," ते म्हणाले. त्यांचे डोळे भरून आले होते. "पद्माचं ऑपरेशन झालं की तुमच्या नावानं पूजा करतो. एवढं पुढच्या वेळीही असंच लिहा हं. विसरू नका."

मला ओरडायचं होतं की माझ्या पाया कसल्या पडता, माझ्या तोंडावर थुंका. त्यांच्यावरही चीड आली, अगदी खरी चीड, की हा माणूस वकिलाला सुनावतो आणि इथे वाकतो. मालकांची, त्या सुंदर अक्षराची, माझ्या चपलांची, सगळ्याची एकदम किळस आली. आतून मालकांचा आवाज आला, सही झाली म्हणून.

"लिहीन," मी म्हणाले.

त्यांना मी नीट पाहिलं ते तेव्हाच शेवटचं. त्यानंतर चार महिने मी त्या कारखान्यात होते, मग दुसरीकडे नोकरी मिळाली. त्या चार महिन्यांत मल्लण्णा रोज टाकीवर होते, पण मी त्या बाजूला जायचं टाळलं. तपासायचा माल माझ्या टेबलापाशी मागवून घ्यायला लागले. पद्मक्कांचं ऑपरेशन झालं का, हे मी विचारलं नाही. रजिस्टर आठ वेळा भरलं.